येळवशीला गावी: लातूर-धाराशिवच्या शिवारात पाच दिवस कसे राहायचे

गावात राहायला जायचं तर आधी पंचांग उघडायचं आणि मग रजेचा अर्ज लिहायचा. बहुतेक जण उलटं करतात. मुलांना नाताळची सुट्टी लागते, एखादं कृषी पर्यटन केंद्र गाठलं जातं, बैलगाडीत एक फेरी, झोक्यावर फोटो, पिठलं-भाकरी, आणि रविवारी संध्याकाळी परत. त्यात वाईट काही नाही, पण ते गावात राहणं नव्हे. गाव म्हणजे चालू असलेलं काम. त्या कामाच्या वेळी गेलात, तरच तुम्हाला करण्यासारखं काहीतरी असतं.

मराठवाड्याच्या दक्षिण टोकाला, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, यासाठी वर्षातले सगळ्यात सोयीचे दिवस म्हणजे वेळ अमावस्येच्या आसपासचे. इथली माणसं तिला येळवस म्हणतात. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला घरं ओस पडतात आणि शिवार भरतं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, लातूरच्या बाजारपेठेतली दुकानंही त्या दिवशी बंद असतात. ज्याचं शेत नाही त्याला कोणीतरी आपल्या शेतात जेवायला नेतं. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून पंगतीत बसवायचं, ही इथली रीतच आहे. शहरातून आलेल्या माणसाला गावात जो अवघडलेपणा वाटतो तो या एका दिवसात निम्मा होतो, म्हणून मी पाहुण्यांना हाच मुहूर्त सुचवतो.

तारीख कशी धरायची

येळवस कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. २०२४ साली ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२५ ला १९ डिसेंबर. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे त्या इंग्रजी वर्षात येळवसच नाही, नंतरची थेट ७ जानेवारी २०२७ ला. हा फरक नुसता कॅलेंडरचा नाही. रब्बीची ज्वारी साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पेरली जाते आणि हुरडा धरते डिसेंबरअखेरपासून पुढे. येळवस जानेवारीत आली तर पूजा आणि हुरडा एकाच मुक्कामात साधतात. डिसेंबरच्या मध्याला आली तर कणसं अजून कोवळी असतात, हुरडा मिळेलच असं धरू नका. त्या वर्षी तुरीची कापणी आणि ओला हरभरा यांवर समाधान मानायचं.

येळवशीच्या किमान दोन दिवस आधी पोचा आणि नंतर दोन दिवस राहा. सणाच्या दिवशी सकाळी गाडीतून उतरणारा पाहुणा फक्त जेवतो. आधी आलेला तयारीत हात घालतो. खरी मजा तयारीत आहे.

घर शोधणं

हॉटेल नको, घर पाहा. लातूर-धाराशिवचा एकही माणूस ओळखीत नाही असं सहसा होत नाही. पुण्या-मुंबईत शिकायला आणि नोकरीला आलेली इथली मुलं भरपूर आहेत. अशा एखाद्या सहकाऱ्याला, मित्राला सरळ विचारा, "येळवशीला तुमच्याकडं आलो तर चालेल का?" नाही म्हणणारा विरळा. ओळख अजिबातच नसेल तर कृषी पर्यटनाची नोंदणी असलेलं शेतघर पाहता येतं. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणल्यापासून अशी नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. तिथं एकच प्रश्न विचारा: घरचा माणूस स्वतः शेती करतो का? उत्तरात नुसता स्विमिंग पूल ऐकू आला तर पुढे चला.

होकार आल्यावर चार गोष्टी आडपडदा न ठेवता विचारून घ्या. संडास घरात आहे की परसात, पाणी किती दिवसांनी येतं, झोपायची सोय गावातल्या घरात की शेतातल्या वस्तीवर, आणि तुम्ही किती जण. चारापेक्षा जास्त जाऊ नका. सणाच्या आदल्या रात्री त्या घरातल्या बायका झोपणार नसतात, त्यांच्यावर आठ पाव्हण्यांचं ओझं टाकणं बरं नाही.

पैशाचं काय? अनोळखी ठिकाणी आधीच रोखठोक ठरवा. ओळखीच्या घरी पैसे पुढे केले तर माणसं दुखावतात, म्हणून किराणा न्या: चांगला चहा, साखर, गोडेतेल, खोबरं, घरात मुलं असतील तर वह्या आणि रंगपेट्या. शहरातून मिठाईचा डबा नेण्यात अर्थ नाही, त्या घरी त्या दिवशी खायला आधीच इतकं असतं की तो डबा कपाटातच राहतो.

पोचायचं कसं

मुंबईहून रात्रीची लातूरची रेल्वे आहे, सकाळी उतरता येतं. पुण्याहून लातूर रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, धाराशिवला जायला सोलापूरवरूनही सोपं. पुढे लालपरी. एसटी तालुक्याच्या गावापर्यंत हमखास मिळते, खेड्यात दिवसातून मोजक्या फेऱ्या असतात, त्या वेळा यजमानांनाच विचारा. स्वतःची गाडी असेल तरी शेवटचा टप्पा एसटीने करा असं मी सांगेन. पाव्हणे कोणाकडे आलेत हे गावाला कळायला ती पुरते. कंडक्टरपासून शेजारच्या सीटवरच्या आजीपर्यंत सगळे विचारतात, "कोन्या गावचं पाव्हणं? कुणाकडं चाललाव?" यजमानाचं नाव आणि आडनाव पाठ ठेवा, कारण एका गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असतात.

बॅगेत काय

थंडी दिवसा जाणवत नाही, पहाटे अंगावर येते. पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. स्वेटर, कानटोपी, मोजे हवेतच. जुने पूर्ण बाह्यांचे सुती कपडे दोन जोड, कारण ज्वारीच्या पात्याने हात कापतात आणि अंगाला कुसं टोचतात. पायात घोट्यापर्यंतचे बंद बूट. चांगली टॉर्च. स्वतःचं टॉवेल-पांघरूण. रोजची औषधं पुरेशी घ्या, खेड्यात मेडिकलचं दुकान असेलच असं नाही. पांढरे कपडे घरीच ठेवा; इथली काळी माती कपड्यावरून सहज जात नाही.

पहिला दिवस

सामान ठेवून, चहा घेऊन, लगेच रानाकडे पळू नका. यजमानांबरोबर गावातून एक चक्कर मारा. मारुतीच्या देवळापाशी, पारावर, दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी माणसं जमतात. भेटेल त्याला आधी तुम्हीच "राम राम" घाला. वडीलधाऱ्यांना काका, मामा, बायकांना मावशी, काकू, आक्का. नावानं हाक मारायची नाही. पगार किती, जमीन किती, मुलाचं लग्न का नाही, हे प्रश्न तुम्हाला विचारले जातील. चिडू नका, हसून मोघम उत्तर द्या. जमिनीचा प्रश्न मात्र तुम्ही उलट विचारू नका.

घरांकडेही बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी आणि आसपासची गावं पडली, ती नव्या जागी वसली. म्हणून औसा, निलंगा, लोहारा भागातल्या कित्येक गावांत वळणावळणाच्या बोळांऐवजी सरळ आखलेल्या रांगा दिसतात. जुन्या गावातलं दगड-मातीचं, जाड धाब्याचं माळवदाचं घर अजून कुठं उभं असेल तर यजमान ते दाखवतीलच. भूकंपाचा विषय त्यांनी काढला तर ऐका. नाही काढला तर उकरू नका, प्रत्येक घरात त्या पहाटेची काहीतरी गोष्ट आहे.

पाण्याबद्दल एकच सांगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. इथं बादलीभर पाण्यात अंघोळ करायची असते. चुलीवरच्या बंबातलं गरम पाणी मिळालं तर तो लाड समजा.

कामाला हात लावणं

दुसऱ्या दिवशी पहाटे उठा. गोठ्यात आधी लांबून उभे राहा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलं, लांब कानांचं जनावर दिसलं तर ती देवणी, याच मातीतली जात. मूळ गाव लातूर जिल्ह्यातलं देवणी. जाणकार तिच्यातही तीन प्रकार सांगतात: अंग पांढरं आणि तोंडाला काळं ते वानेरा, सगळं पांढरं ते बालंक्या, अंगभर काळे डाग ते शेवरा. गोठ्यात गेलात की हे तीन शब्द वापरा, यजमान तासभर बोलत राहतील. न विचारता जनावराला काही चारू नका. विशेषतः ज्वारीचे कोवळे फुटवे. ते खाऊन जनावराला विषबाधा होते, त्याला किराळ लागणं म्हणतात.

मग शेतात. या दिवसांत तूर कापून पेंढ्या बांधायचं आणि मळणी यंत्रावर घालायचं काम चालू असतं. विळा हातात मागू नका, पेंढ्या उचलून गंजीपर्यंत नेणं तुम्हाला झेपेल आणि त्याची गरजही असते. यंत्रात तोंड देणाऱ्या माणसाच्या आसपास ओढणी, मफलर, सैल बाही अजिबात नको, मुलांना तर तिथं फिरकूही देऊ नका.

हरभऱ्यात पहाटे शिरलात तर हातापायाला चुरचुर लागते. ती आंब. हरभऱ्याच्या पानांवरच्या केसांतून आंबट द्रव पाझरतो आणि दवात उतरतो. जुन्या बायका पहाटे स्वच्छ फडकं पिकावर फिरवून ते पिळून घ्यायच्या, पोटदुखीवर ती आंब ठेवायच्या. आता क्वचित दिसतं, पण फडकं फिरवून बघायला हरकत नाही. एक थेंब जिभेवर ठेवा, चिंचेपेक्षा आंबट.

ज्वारीत राखण असते. कणसात दूध भरलं की पाखरांचे थवे उतरतात. गोफण फिरवणं दिसायला सोपं, हाताला अवघड. शिका, पण मोकळ्या रानाकडे तोंड करून, मागं कोणी नाही ना हे बघून. दगड कुठंही जातो.

रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाऊ का, असं उत्साही पाव्हणे विचारतात. शेतीपंपाला तीन फेजची वीज ठराविक तासच मिळते, पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळी आली की शेतकऱ्याला थंडीत, चिखलात, अंधारात पाणी फिरवावं लागतं. एकदा तरी त्याच्याबरोबर जाऊन या, भाजीच्या किमतीबद्दलची कुरकुर कमी होते. पण बांधावर उभे राहा, वाफ्यात उतरू नका, आणि मोटरच्या पेटीला ओल्या हाताने कधीही शिवू नका.

येळवशीची आदली रात्र आणि तो दिवस

आदल्या दिवशी बायका भाज्या निवडायला बसतात. तिथं जाऊन बसा, पुरुषांनीसुद्धा. तुरीच्या, वालाच्या, हरभऱ्याच्या शेंगा सोलायला जेवढे हात तेवढे कमीच. हे सगळे दाणे, मेथी, चाकवत, कांद्याची पात, भुईमूग असा शिवारातला सगळा हिरवा माल चिंचेच्या कोळात आणि बेसनात शिजवला की होते भज्जी. तळलेल्या भज्यांशी तिचा काही संबंध नाही, पातेल्यातून पळीने वाढतात. जोडीला बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर, तिळाची पोळी, धपाटे. आणि आंबील: ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवायचं, शिजवायचं, लसूण-मिरची-जिरं वाटून लावायचं आणि गार प्यायचं. ती मातीच्या बिंदग्यात भरतात, बिंदग्याला चुना आणि काव लावून रंगवतात. हे रंगवायचं काम मुलांना मागून घ्या.

सकाळी घरचा कर्ता बिंदगं घेऊन शेताकडे निघतो, मागोमाग सगळं घर. पूर्वी बैलगाड्यांची रांग लागायची, आता ट्रॅक्टर आणि मोटारसायकली. शेतात कडब्याच्या पेंढ्या टेकवून कोप केलेली असते. आत पाच पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले दगड, सोबत लक्ष्मी. पूजा होते, नैवेद्य दाखवतात, मग आंबील शिंपडत पिकाभोवती फेरी मारतात आणि तोंडाने एक कानडी वळणाचा घोष करतात. हा सणच सीमेपलीकडच्या कर्नाटकाशी जोडलेला आहे, तिकडे त्याला येळ्ळ अमावस्या म्हणतात. घोष प्रत्येक गावात थोडा वेगळा ऐकू येतो, तुम्ही यजमानाच्या मागोमाग म्हणा. चप्पल कोपीपासून लांब काढा. फोटो काढायचे तर पूजा उरकल्यावर, आणि बायकांचे विचारूनच.

मग पंगत. इथं एक धोक्याची सूचना. पहिल्या शेतात पोटभर जेवू नका. दुपारनंतर शेजारच्या, त्याच्या शेजारच्या शेतातून बोलावणी येतात आणि प्रत्येक ठिकाणी किमान एक उंडा आणि वाटीभर भज्जी खावीच लागते. नाही म्हटलं तर वाईट वाटतं. चवीपुरतं घ्या, आंबील मात्र कितीही प्या, तीच पचवते. दुपारी माणसं झाडाखाली लवंडतात, मुलं झोके बांधतात, बोरं पाडतात. तुम्हीही लवंडा. संध्याकाळी काही शेतांत कडब्याचा हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवून पिकाभोवती फिरवतात. हेंडगा हातात घ्यायचा मोह होईल, पण वाळलेल्या रानात आगीचं काम घरच्यांकडेच राहू द्या.

हुरडा भाजायची रीत

कणीस नखानं दाबून बघायचं. पांढरं पातळ दूध उडालं तर अजून कोवळा. दाणा दबला आणि आत लोण्यासारखा लागला तर नेमका. टणक झाला तर संपला, ती आता ज्वारी. भाकरीची मालदांडी हुरड्याला चालते, पण खास हुरड्यासाठी गूळभेंडीसारखे गोड वाण शेताच्या कडेला चार ओळी लावतात. राहुरी कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठीच फुले मधुर हा वाण काढलाय.

जमिनीत वीतभर खोल आगटी खणा. गोवऱ्या रचून पेटवा आणि धूर पूर्ण जाईपर्यंत थांबा. घाई करणाऱ्यांचा हुरडा धुरकट होतो, यात अपवाद नाही. लाल निखाऱ्यावर राखेचा पातळ थर आला की कणसं देठ बाहेर ठेवून आत खुपसायची, दर मिनिटाला फिरवायची. कणसाला करपट डाग पडले आणि गोड वास सुटला की काढायचं. पुढचं काम शहरी तळव्यांचं नव्हे: कणीस गरम असतानाच दोन हातांत चोळायचं असतं. गार झालं की दाणा सुटत नाही. न झेपल्यास गोणपाटाच्या तुकड्यात धरून चोळा. सुपात पाखडून कोंडा उडवा आणि तिथंच, उभ्याउभ्या खा. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही. हुरड्यावर पाणी पिऊ नका, पोट फुगतं असं सगळे सांगतात, ताक प्या. पहाटे किंवा सकाळी दहाच्या आत खाल्लेला हुरडा आणि दुपारी खाल्लेला, यांत चवीचा फरक आहे.

आगटी गरम असेपर्यंत त्यातच हरभऱ्याचे डहाळे टाकून हुळा करा, वांगी पुरा. वांग्याचं भरीत दुपारच्या भाकरीला.

जपायच्या गोष्टी

साप थंडीत कमी दिसतात, नसतात असं नाही. कडब्याच्या गंजीत, पेंढ्यांखाली हात घालण्याआधी काठीने हलवा. रात्री टॉर्चशिवाय आणि बुटांशिवाय परसातही जाऊ नका. कोणाला चावलाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही. हातपाय न हलवता, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठायचा. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. कठडा नसलेल्या विहिरी भरपूर आहेत, मुलांना एकटं सोडू नका. विहिरीत पोहायचा हट्ट फक्त पोहता येणाऱ्यांनी आणि गावातला माणूस सोबत असतानाच.

फिरायचं असेल तर

औशाचा किल्ला, खरोशाची लेणी, उदगीरचा किल्ला, तेरचं गोरोबाकाकांचं देऊळ, तुळजापूर. सगळं पाहण्यासारखं आहे. मी यातलं एकच निवडायला सांगेन आणि तेही शेवटच्या दिवशी, परतीच्या वाटेवर. त्याऐवजी जवळच्या गावाचा आठवडी बाजार गाठा. जनावरांची आवड असेल तर हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार नावाजलेला आहे. तिथं व्यापारी आणि शेतकरी उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात ते लांबून बघा, मध्ये तोंड घालू नका.

निघताना

यजमान पिशवी भरून देतील, आणि ती नाकारायची नाही. शिवाय विकत घ्यायचं असेल तर बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच शोधा, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. हुरडा नेणार असाल तर दाणे भाजलेले नकोत, कच्ची कणसंच न्या, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि दुसऱ्या दिवशी संपवा. घरी गॅसवर जाळी ठेवून भाजता येतात, गोवरीची चव येत नाही.

येळवशीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्या तुडुंब असतात, कारण गावी आलेली सगळी पोरं एकदम परततात. रेल्वेचं परतीचं तिकीट जातानाच्या तिकिटाआधी काढा.